बंदुकीवरील अक्षरे : आधी कोरणी, मग लेप, शेवटी रंग

बंदुकीच्या पोलादावर कोरलेली अक्षरे आकाराने अगदी बारीक असतात. पण त्या शस्त्राची सारी ओळख त्यांतच साठवलेली असते. कोणत्या कारखान्याने ते बनविले, त्याचा क्रमांक काय, त्यात कोणत्या मापाचे काडतूस चालते, सेफ्टीची कळ कोणत्या बाजूला सरकविली असता चाप अडकतो, ही सगळी माहिती त्या दोन-तीन ओळींत असते. जुन्या बंदुकीला नवा लेप चढविला, की नेमक्या याच ओळी अंधूक होतात. काळ्या पृष्ठभागावर काळीच खोबण उरते आणि वाचण्यासाठी बंदूक उजेडात तिरकी धरावी लागते. यावर उपाय म्हणून खोबणीत पांढरा, लाल किंवा सोनेरी रंग भरण्याची पद्धत जगभरच्या बंदूक-कारागिरांत रूढ आहे. दिसायला हे काम सोपे. प्रत्यक्षात मात्र त्यात क्रम चुकला, तर नवा लेपही जातो आणि अक्षरही.

गोव्यात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर बंदूक बाळगणारी अनेक कुटुंबे आहेत. पावसाळ्याचे चार महिने आणि समुद्रावरून येणारी खारी हवा यांमुळे पोलादाला तांब लवकर चढते, म्हणून बंदूक पुन्हा लेपून घेण्याची वेळ येथे अधिक वेळा येते. अशा वेळी कारागिराकडून कोणते काम कोणत्या क्रमाने व्हावे, हे परवानाधारकाला ठाऊक असणे हिताचे ठरते.

अक्षर पुसले तर काय बिघडते?

याचे सर्वांत बोलके उदाहरण १२ बोअरच्या दुनळी बंदुकीचे आहे. जुन्या इंग्रजी बनावटीच्या अनेक बंदुकांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याचा कप्पा, ६५ मिलिमीटर लांबीचे असते. आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. काडतुसाची ही लांबी त्याचे घडी घातलेले तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे न झाडलेले ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सहज बसते आणि बंदूक मिटतेही. बार उडताच मात्र तोंडाची घडी चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडते, छर्ऱ्यांची वाट आकसते आणि आतील दाब वाढतो. जुन्या नळीला तो सोसवेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. ही चूक टाळण्यास मदत करणारी गोष्ट म्हणजे नळीवरचे चेंबरच्या लांबीचे अक्षर.

दुनळी बंदुकीत हे माप आणि नळीची दाबचाचणी झाल्याच्या मोहरा बहुधा नळ्यांच्या मागील टोकाला, खालच्या सपाट भागावर असतात. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्याखेरीज ते दिसत नाहीत. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांच्या मोहरा याच जागी आढळतात. लेप चढविताना ‘खालची बाजू कोण बघतो’ म्हणून तेथेच घासकागद जोराने चालविला जातो, हा या कामातील नेहमीचा धोका.

दुसरे उदाहरण सेफ्टीचे. अनेक दुनळी बंदुकांत अंगठ्याखालच्या कळीशी ‘सेफ’ हा इंग्रजी शब्द किंवा त्याचे केवळ आद्याक्षर असते. कळ सुरक्षित स्थितीत असताना ते उघडे दिसते. चापाजवळ आडवे बटण असलेल्या बंदुकांत बटण दाबताच लाल कडे डोकावते आणि बंदूक झाडण्यास सज्ज असल्याचे सांगते. हे लाल कडे नव्या लेपाखाली झाकले गेले, तर हाताळणाऱ्याला मिळणारी एक सूचना नाहीशी होते. अर्थात केवळ रंगावर विसंबून बंदूक सुरक्षित मानणे केव्हाही चूकच. ती उघडून, चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहूनच खात्री करायची असते.

कायदा काय म्हणतो?

तिसरी बाब क्रमांकाची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे अथवा बनावट घालणे निषिद्ध आहे. अशी चिन्हे नसलेली बंदूक विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्या ताब्यात खोडलेल्या क्रमांकाची बंदूक सापडते, त्यानेच तो खोडला, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. क्रमांक पॉलिश करताना झिजला, हे सिद्ध करण्याचा भार मग परवानाधारकावर येतो.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरील क्रमांकाशी ताडून पाहिला जातो. तो सहज वाचता येणे ही म्हणूनच रोजच्या व्यवहारातली गरज आहे. शिवाय बंदुकीची दुरुस्ती हा धंदाही याच अधिनियमाच्या कलम ५ खाली परवान्याच्या कक्षेत येतो. मोटारीच्या रंगकामाच्या गॅरेजमध्ये किंवा ओळखीच्या लोहाराकडे बंदूक सोपविणे त्यामुळे योग्य नव्हे. परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडेच ती द्यावी.

लेपांचे प्रकार आणि त्यांची जाडी

रंग कसा भरावा, हे लेप कोणता आहे यावर ठरते. बंदुकीच्या पोलादावर प्रामुख्याने तीन प्रकारचे लेप आढळतात.

पहिला ‘ब्लूइंग’. नाव निळाईचे असले, तरी रंग काळ्याकडे झुकणारा असतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या उकळत्या द्रावणात, सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सिअस तापमानाला, पोलादाच्या पृष्ठभागाचे मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा थर इतका पातळ असतो, की अक्षरांच्या खोलीवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. मात्र दुनळी बंदुकीच्या नळ्या परस्परांना शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतील, तर हे उकळते द्रावण तो डाकच खाऊन टाकते. अशा नळ्यांसाठी मंद गंजवून, उकळवून आणि ब्रशने घासून थरावर थर देण्याची जुनी, सावकाश पद्धत वापरतात.

दुसरा फॉस्फेटचा लेप. लष्करी शस्त्रांवर दिसणारा राखाडी, खरखरीत, तेल धरून ठेवणारा पृष्ठभाग तो हाच. याची सूक्ष्म छिद्रे तेलाप्रमाणेच रंगही शोषून घेतात, हे पुढे रंग भरताना ध्यानात ठेवावे लागते.

तिसरा प्रकार अलीकडचा : सिरॅमिक कण मिसळलेला पॉलिमर लेप. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील ‘एनआयसी इंडस्ट्रीज’ या कंपनीचा ‘सेराकोट’ हा त्यांतील सर्वपरिचित. तो फवाऱ्याने मारतात आणि ओव्हनमध्ये भाजून पक्का करतात. पोलादी भागांसाठी त्याच्या एका मुख्य मालिकेला सुमारे १२१ अंश सेल्सिअसला दोन तास लागतात. ओव्हनशिवाय हवेतच वाळणारी निराळी मालिका आहे. ती पूर्ण पक्की होण्यास पाच दिवस घेते. या लेपाची जाडी साधारणतः २५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी असते.

ही जाडी ऐकायला नगण्य वाटते. तिची तुलना अक्षराच्या खोलीशी केली, की चित्र बदलते. अमेरिकेत २००२ पासून लागू असलेल्या नियमानुसार बंदुकीचा क्रमांक किमान ०.००३ इंच, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन खोल आणि किमान एक-षोडशांश इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर उंच असावा लागतो. इतक्याच खोलीच्या अक्षरावर २५ मायक्रॉनचा लेप बसला, तर खोबणीच्या दोन्ही भिंती जाडावतात, तिचे तोंड अरुंद होते, कडा गोलावतात आणि फवाऱ्याचे द्रव तळाशी अधिक साचते. फवारा एका जागी थोडा जास्त रेंगाळला, की अक्षर बुजलेच. म्हणून लेप चढविण्यापूर्वीच अक्षरांची खोली पाहून घ्यावी लागते.

पॉलिशच्या चाकावरचे नुकसान

लेपापेक्षाही अक्षरांचा मोठा शत्रू म्हणजे त्याआधीचे घासकाम. मऊ कापडी बफिंग-चाकावर पोलाद धरले, की कापड खोबणीच्या तोंडाशी वाकते आणि तेथील कडा ओढून नेते. अक्षर एका बाजूला पसरते आणि त्याच्याभोवती उथळ बशीसारखा खोलगटा पडतो. हे एकदा झाले, की पुढे कितीही नीट रंग भरला, तरी अक्षराची कड सरळ दिसत नाही. कारण रंगाची कड म्हणजे अखेर खोबणीचीच कड असते. जाणता कारागीर अक्षरांच्या जागी चाक लावीत नाही. सपाट लाकडी किंवा धातूच्या पट्टीला घासकागद गुंडाळून हाताने, एकाच दिशेने काम करतो.

अक्षर फारच झिजले असेल, तर ते पुन्हा खोल कोरण्याचा मोह होतो. निर्मात्याच्या नावाबाबत तो कारागिरीचा प्रश्न राहतो. क्रमांकाबाबत मात्र तो कायद्याचा होतो. क्रमांकाला हत्यार लावण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवून त्याची अनुमती घेणे, हाच सुरक्षित मार्ग.

सोन्याचा उलटा क्रम

रंग लेपानंतर भरतात. सोने मात्र लेपाआधी बसवितात. उंची इंग्रजी बंदुकांवर ‘सेफ’ हा शब्द सोन्यात जडविलेला दिसतो. त्यासाठी खोबण कोरताना तिचे तळ तोंडापेक्षा रुंद ठेवतात, तीत मऊ सोन्याची तार ठोकून बसवितात, पृष्ठभाग सपाट करतात आणि त्यानंतरच ब्लूइंग करतात. लोखंडाला काळे करणारे क्षार सोन्याला बाधत नाहीत, त्यामुळे भोवतीचे पोलाद काळवंडते आणि अक्षर पिवळेच राहते.

हेच तत्त्व बिदरच्या कारागिरांनी शतकानुशतके वापरले आहे. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी आधी जडवितात. मग नवसागर घातलेल्या, किल्ल्यातील मातीच्या लगद्याने भांडे काळे करतात. मिश्रधातू काळा पडतो, चांदी उजळ राहते. उदयपूरच्या कोफ्तगरीत तलवारींच्या मुठींवर आणि कट्यारींवर बसविलेल्या सोन्या-चांदीच्या तारांमागेही लोखंड आणि मौल्यवान धातू यांच्या स्वभावातील हाच फरक आहे.

रंगाला ही सोय नाही. एनॅमल किंवा लॅकर हे सेंद्रिय पदार्थ आहेत. ब्लूइंगच्या उकळत्या कॉस्टिक द्रावणात ते टिकत नाहीत आणि सिरॅमिक लेपाच्या फवाऱ्याखाली झाकले जातात. म्हणून रंगाचा क्रम शेवटचा.

वाळणे आणि पक्के होणे

ताज्या लेपावर रंग भरताना सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे. लेप बोटाला चिकटत नाही, म्हणजे तो तयार झाला, असा समज असतो. पॉलिमर लेपात द्रावक उडून गेल्यावर पृष्ठभाग कोरडा लागतो. पण आतले रेणू एकमेकांशी साखळ्या जोडून घट्ट होण्याची क्रिया नंतरही चालू असते. या मधल्या अवस्थेत त्यावर थिनर किंवा अ‍ॅसिटोनयुक्त रंग लावला, तर द्रावक लेपात शिरतो, लेप फुगतो, सुरकुततो, कधी पोलादापासून सुटतो. नखांना लावायचे पॉलिश हौशी मंडळी सर्रास वापरतात. ते भरणे सोपे, पण चुकल्यावर पुसण्यासाठी हाती येते ते अ‍ॅसिटोन, आणि अपक्व लेपाचे नुकसान तेथेच होते.

पूर्ण पक्का झालेला सिरॅमिक लेप अशा द्रावकांना बऱ्यापैकी दाद देत नाही. ब्लूइंगलाही अ‍ॅसिटोनचा उपद्रव नाही. त्याला घातक ठरतात ती आम्ले आणि गंज काढण्याची द्रव्ये. याउलट साध्या स्प्रे-पेंटने रंगविलेला भाग थिनरचा एक हात फिरताच उतरू लागतो. अशा पृष्ठभागावर सौम्य मिनरल टर्पेंटाइनने पुसता येणारा ऑइल एनॅमलच वापरणे इष्ट, तोही खालचा थर पूर्ण वाळल्यावर आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी चाचणी घेऊन.

ब्लूइंगचा धोका निराळा आहे. उकळत्या द्रावणातील क्षार सांध्यांत आणि खोबणींत अडकून राहतात. स्वच्छ उकळत्या पाण्याने ते नीट धुतले गेले नाहीत, तर काही दिवसांनी पांढऱ्या बुरशीसारखे बाहेर फुटतात आणि भरलेला रंग उचलून टाकतात.

एका बाबतीत मात्र पूर्ण पक्वतेची वाट पाहत नाहीत. स्टेन्सिल लावून एकाच जातीच्या सिरॅमिक लेपाने दुसऱ्या रंगाची अक्षरे काढायची असतील, तर पहिला लेप थोडा वेळच भाजून अर्धपक्व ठेवतात, त्यावर दुसरा मारतात आणि मग दोन्ही एकत्र पूर्ण भाजतात. दोन्ही थर एकाच जातीचे असल्यामुळे ते परस्परांना घट्ट धरतात. परक्या जातीचा रंग आणायचा, तर मात्र खालचा लेप पूर्ण पक्का हवा.

रंग भरण्याची रीत

प्रत्यक्ष काम सुरू होते ते बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आणि काडतुसे त्या खोलीबाहेर ठेवून. नंतर अक्षरांतले तेल काढावे लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने जागा पुसतात आणि खोबणीतला अंश मऊ ब्रशने काढतात. तेलाचा पुसट थर राहिला, तरी रंग पोलादाला न धरता खपलीसारखा निघतो.

भरण्यासाठी दोन साधने प्रचलित आहेत. एक म्हणजे खडूसारखी मेणट लॅकर-स्टिक; ती अक्षरांवर आडवी-उभी घासून खोबण भरतात. धातू हाताला कोमट लागेल इतका गरम असला, तर ती सहज उतरते. त्यासाठी ज्योत मात्र लावायची नसते. दुसरे साधन ऑइल एनॅमल; ते टोकदार काडीने किंवा बारीक ब्रशने, खोबण किंचित ओसंडेल इतके घालतात.

खरी कसोटी पुसण्यात आहे. मऊ कापड बोटाने दाबून पुसले, तर ते खोबणीत बुडते आणि भरलेला रंग बाहेर ओढते. त्याऐवजी ताठ पुठ्ठा किंवा सपाट ठोकळ्याला ताणून गुंडाळलेला कागद घेऊन, अक्षरांच्या रेषांना आडवा, हलका हात फिरवावा. कागद वरच्या पातळीवरून सरकतो आणि खोबणीतला रंग जागीच राहतो. उरलेली पुसट छटा कागदावर टर्पेंटाइनचा अगदी थोडा ओलावा घेऊन काढतात. फॉस्फेट किंवा मॅट लेपाच्या छिद्रांत पांढरा रंग अडकून धुरकट डाग राहतो. तेथे शब्दाभोवती मास्किंग टेप लावून उघडी जागा कमीत कमी ठेवणे शहाणपणाचे.

एका बैठकीत खोबण काठोकाठ भरत नाही, कारण वाळताना रंग आकसतो. पहिला हात वाळू देऊन दुसरा द्यावा लागतो. ऑइल एनॅमल एका दिवसात कोरडे लागले, तरी त्याला बंदुकीचे तेल लागू देण्यापूर्वी आठवडाभर थांबणे चांगले.

लेसरची अक्षरे आणि आपली हवा

आजकाल लेसरने अक्षरे काढून देण्याची सोय झाली आहे. लेसरने पोलादात पुरेशी खोल खोबण पाडली, तर तिच्यात रंग टिकतो. पुष्कळदा मात्र लेसर केवळ वरचा लेप उडवितो आणि खालचे उघडे पोलाद चमकदार अक्षरांसारखे दिसते. ही अक्षरे सुरुवातीला देखणी वाटतात. पण त्यांत रंग धरायला खोली नसते आणि पोलादाला संरक्षणही नसते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत गंज नेमका त्या अक्षरांतून सुरू होऊन लेपाखाली पसरतो.

भरलेला रंगही कायमचा नसतो. नळी साफ करण्याचे द्रावण आणि तेल यांनी तो हळूहळू मऊ पडतो. म्हणून सफाई करताना द्रावण अक्षरांवर ओघळू देऊ नये. ओघळलेच, तर लगेच टिपून घ्यावे. दसऱ्याला शस्त्रपूजा होते, तेव्हा हळद-कुंकू आणि पाणी खोबणींत साचून राहते. पूजेनंतर त्याच दिवशी कोरड्या ब्रशने ती जागा झाडून, पुसून तेलाचा हलका हात दिला, तर अक्षरांत ओल मुरत नाही.

बंदूक लेपायला देण्यापूर्वी परवानाधारकाने तीन गोष्टी केल्या, तर पुढचे बरेच प्रश्न टळतात. नळीखालच्या मोहरांसह सर्व अक्षरांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. अक्षरांच्या जागी बफिंग-चाक लावू नये, असे कारागिराला स्पष्ट सांगावे आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यावा. बंदूक परत घेताना लेपाची चकाकी पाहण्याआधी क्रमांक, चेंबरचे माप आणि सेफ्टीची खूण ही तिन्ही चष्मा-भिंगाशिवाय वाचता येतात का, ते पाहावे आणि छायाचित्रांशी ताडून मगच पावतीवर सही करावी.